कागदावरचे पाणी

परीक्षा ही आपल्या मध्यमवर्गीय घरातली कायमची पाहुणी आहे. शाळेची होते, मग स्कॉलरशिपची येते, दहावी-बारावीच्या तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मुक्कामालाच असतात; आणि आता हिची वर्दळ संपली असे म्हणून घर जरा पाय पसरते, तोच नोकरीची परीक्षा दाराची कडी वाजवते. या शतकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटी नावाची संगणकाची परीक्षा महाराष्ट्रात अशी काही पसरली की, नातवंडे खेळवायच्या वयाचे कारकून आणि मास्तर माउस हाती धरून पडद्यावरच्या बाणाचा पाठलाग करीत बसलेले आम्ही पाहिले आहेत. त्या प्रमाणपत्राची चौकट पुष्कळ घरांच्या भिंतीवर अजून असेल. परीक्षेचे हे असे आहे : ती संपली तरी तिचा कागद घरात राहतो. कागदामागचे ज्ञान राहते की नाही, हे मात्र ज्याचे त्याला ठाऊक!

यंदा आमच्या घरी उतरलेली परीक्षा जरा निराळ्या कुळातली आहे. सीसीएनए हे तिचे नाव. एका संगणकाचा निरोप दुसऱ्या संगणकाला बिनचूक पोचवण्याची व्यवस्था, म्हणजे संगणकांचे जाळे, जी माणसे उभारतात आणि सांभाळतात, त्यांच्यासाठी ही पहिल्या पायरीची परीक्षा. ती घेणारी सिस्को ही अमेरिकन कंपनी १९८४ साली निघाली. सॅन फ्रान्सिस्को या शहराच्या नावाची फक्त शेपटी ठेवून तिने आपले बारसे केले, आणि १९९८ पासून ती ही परीक्षा घेत आहे. या पायरीवर आणखीही परीक्षा आहेत. कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस आहे, सिस्कोचीच त्याहून सोपी सीसीएसटी आहे. पण पुण्याच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत 'सीसीएनए असल्यास प्राधान्य' असे शब्द दिसतात, आणि नगरच्या मुलाची नजर शेवटी पुण्याच्या जाहिरातीवरच जाते.

परीक्षेला बसणार आहे तो माझा भाचा. वय पंचविशीच्या आत, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेला. दोन वर्षे नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंत्राटदाराच्या हाताखाली कॅमेऱ्यांच्या तारा ओढण्याचे काम त्याने केले. शिडीवर चढून तारा ओढणारा आणि खाली बसून त्या तारांतून काय वाहते हे जाणणारा, या दोघांच्या पगारांत एका शिडीहून पुष्कळ जास्त अंतर असते. हे त्याला लवकर कळले, हे त्याचे भाग्य. गणपती उठल्यावर तो पुस्तके, एक जुनाट संगणक आणि दोन चादरी घेऊन सावेडीला आमच्याकडे राहायला आला.

आता या परीक्षेची फी ऐका. ३०० डॉलर! कर धरून रुपयांत हा आकडा तीस हजारांच्या आसपास जातो. नापास झालात तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते, पण फी पुन्हा सगळी भरावी लागते. पास झालात तरी प्रमाणपत्र तीनच वर्षे चालते. पुढे ते ताजे करून घ्यावे लागते. दाजींची, म्हणजे माझ्या मेहुण्यांची, जिल्ह्यातल्या एका कालव्याच्या चारीला थोडी जमीन आहे, आणि गोठ्यात तीन-चार जनावरे. त्यांनी फीसाठी एक कालवड विकली. त्या कालवडीचे नाव आमच्या घरात कोणी काढत नाही; पण भाचा रात्री एक वाजता पुस्तकावर डुलक्या घेऊ लागला, की आपल्या आपण दचकून सरळ बसतो. त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहत असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

अभ्यासक्रमाची वाटणी कंपनीने शेकड्यांत करून दिलेली आहे : जाळ्याची मूलतत्त्वे २० टक्के, जाळ्यात शिरण्याची व्यवस्था २०, पत्ते आणि मार्ग २५, जाळ्यावरच्या सेवा १०, सुरक्षिततेची मूलतत्त्वे १५, आणि हाताने करायची कामे यंत्राकडून करून घेणे १०. परीक्षा १२० मिनिटांची. एकदा पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे फिरता येत नाही. आपल्यासारख्या, 'अवघड तेवढे शेवटी बघू' म्हणणाऱ्यांची इथे सोयच नाही. शिवाय नुसते अ-ब-क-ड यांतून निवडायचे नसते. काही प्रश्नांत पडद्यावर प्रत्यक्ष यंत्र मांडलेले असते आणि त्याला आज्ञा देऊन ते चालू करून दाखवावे लागते.

या अभ्यासातली पहिली घाटी म्हणजे सबनेट. आमच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला दुधाचा हिशेब असतो. त्याच्या शेजारी एके सकाळी आकडे उमटले : १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आमच्या सौ.नी ते पाहिले आणि म्हणाल्या, ''ही तर आमची निमकी! दर खेपेला निम्मे. एवढ्याशासाठी रात्र जागवतोस होय रे?''

भाच्याने मग त्यांना समजावले. संगणकाचा पत्ता चार आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.५. त्यातला पुढचा भाग गावाचे नाव आणि मागचा भाग घराचा नंबर. गाव कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते, हे ज्या आकड्यावरून ठरते तो सबनेट मास्क. २५६ पत्त्यांचे एक मोठे गाव कापून ६४-६४ च्या चार वाड्या करता येतात. मात्र प्रत्येक वाडीतला पहिला पत्ता त्या वाडीचा स्वतःचा, आणि शेवटचा 'सगळ्यांनी ऐका' अशी दवंडी पिटण्यासाठी राखलेला. हे दोन कोणाला देता येत नाहीत.

सौ. क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ''म्हणजे ६४ करंज्यांचे ताट. पहिली देवाची, शेवटची दारात येतील त्या सगळ्यांची. घरातल्या माणसांना उरल्या बासष्ट.''

भाचा वहीतून डोके वर काढून मामीकडे पाहतच राहिला. त्या दिवसापासून आमच्या घरात सबनेटचा प्रश्न 'करंज्या' या नावानेच ओळखला जातो.

या पत्त्यांची कथाही मोठी गमतीची आहे. १९८१ साली ज्यांनी ही पद्धत कागदावर ठरवली, त्यांनी पत्त्यासाठी ३२ जागा ठेवल्या. त्यांतून होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते. मूठभर विद्यापीठे आणि सरकारी संस्था यांच्यासाठी एवढे पत्ते म्हणजे मुंग्यांना धान्याचे कोठार! पण कोठार संपले. ३ फेब्रुवारी २०११ या दिवशी मध्यवर्ती साठ्यातला शेवटचा वाटा वाटून झाला. मग आपल्या घरोघरचे फोन आणि संगणक चालतात कसे? तर काही पत्ते 'खासगी' म्हणून आधीच बाजूला काढून ठेवलेले आहेत. १९९६ सालच्या नियमाने ते कोणीही आपल्या घरात वापरावेत. 'मारुतीच्या देवळामागे' हा पत्ता महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात असतो आणि प्रत्येक गावात तो बरोबरच असतो. मात्र गावाबाहेर तो सांगून उपयोग नाही. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता हा तसा आहे. बाहेर टपाल टाकायचे झाले म्हणजे वेशीवरचा राउटर आपला स्वतःचा, जगाला ठाऊक असलेला पत्ता पाकिटावर घालतो, आणि उत्तर आले की ते घरातल्या नेमक्या माणसाच्या हाती देतो.

आणि नावाचे म्हणाल, तर नगरकरांना त्याचा धडा २०२४ सालाने दिलेलाच आहे. त्या वर्षी जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तरी टपाल चुकले नाही, कारण ४१४००१ हा पिनकोड तोच राहिला. संगणकाच्या जाळ्यातही माणसे नावे लक्षात ठेवतात आणि यंत्रे आकडे. नाव सांगितले की आकडा काढून देणारी एक सेवा मध्ये बसलेली असते, तिला डीएनएस म्हणतात. नाव बदलले तर तिच्या वहीत नवी ओळ लिहायची, की झाले. भाच्याने हे दोन वाक्यांत सांगितले आणि मला ते जन्मभर पुरेल असे समजले.

माझी स्वतःची नोकरी पाटपाण्याच्या हिशेबाची रजिस्टरे लिहिण्यात गेली. त्यामुळे भाच्याची पुस्तके चाळू लागलो तेव्हा पहिल्यांदा बिचकलो, आणि मग एकदम ओळखीचे माणूस भेटावे तसे झाले. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात अडवलेले पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. कालव्यांच्या वितरिका, वितरिकांच्या चाऱ्या, चाऱ्यांच्या पोटचाऱ्या, आणि शेवटी एखाद्या वाफ्याशी खोरे घेऊन दारे धरणारा माणूस. संगणकाचे जाळे याहून फारसे निराळे नाही. जिथे वाट फुटते तिथे राउटर बसलेला असतो आणि कुठले पाणी कुठल्या दाराने सोडायचे याचा तक्ता त्याच्यापाशी असतो. ओएसपीएफ नावाची एक पद्धत या परीक्षेला आहे. तीत प्रत्येक राउटर आपल्या वाटांची खबर शेजाऱ्यांना देतो, ती खबर पुढे पुढे जाते, आणि अखेरीस प्रत्येकापाशी सगळ्या पाटाचा नकाशा तयार होतो. कुठे वाट फुटली तर नकाशा नवा होतो आणि पाणी दुसरीकडून वळते.

नवा संगणक जाळ्यात आला की त्याला पत्ता कसा मिळतो, हेही ऐकण्यासारखे आहे. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पाणी हवे असले की तो सात नंबरचा अर्ज भरतो. संगणकाचा अर्ज चार बोलण्यांत संपतो. तो दवंडी पिटतो, ''पत्ता देणारे कोणी आहे का?'' पत्ते वाटणारे यंत्र म्हणते, ''हा घे.'' संगणक म्हणतो, ''हाच घेतो.'' यंत्र म्हणते, ''मंजूर.'' शिवाय पत्ता कायमचा नव्हे, मुदतीचा. मुदत संपण्याआधी पुन्हा मागायचा. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. या चार बोलण्यांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

पाटापेक्षा जाळे एका बाबतीत मात्र अवघड. पाणी उताराने जाते, त्याला गोल फिरता येत नाही. तारांत उतार नसतो. दोन स्विच चुकून दोन वाटांनी एकमेकांना जोडले गेले, तर एकच दवंडी गोल गोल फिरत वाढत जाते आणि सगळे जाळे गुदमरते. याच्यावरचा तोडगा रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली काढला. फेरा होणारी वाट मिटून ठेवायची, आणि चालू वाट तुटली तरच ती उघडायची. गंमत अशी की, आपल्या शोधनिबंधात त्यांनी या युक्तीवर एक छोटी कविताही केली. शास्त्रज्ञ बाईंनी तारांवर कविता करावी हे ऐकून आमच्या सौ.ना विशेष समाधान वाटले.

असा अभ्यास रंगात आला असताना मध्येच एक फाइल आली. भाच्याच्या एका मित्राने ती फोनवर पाठवली. तीत शेकडो प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे. या व्यवसायात अशा फायलींना 'डंप' म्हणतात. परीक्षेला बसून आलेल्यांकडून प्रश्न गोळा करायचे आणि विकायचे, असा हा व्यापार. परीक्षेला बसणाऱ्याने प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार मान्य केलेला असतो, आणि लबाडी उघडी पडली तर कंपनी प्रमाणपत्र रद्द करू शकते. तरी हा बाजार चालतोच. कारण त्याचे गिऱ्हाईक भीतीने गांजलेले असते.

मी भाच्याला म्हटले, ''हे बरे नव्हे.''

तो शांतपणे म्हणाला, ''मामा, बरं नाही हे मलाही कळतं. पण नापास झालो तर दुसरी कालवड कुठून आणू?''

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मध्यमवर्गीय माणसाची सगळी नीतिवचने दुसऱ्याच्या तीस हजारांपुढे थिटी पडतात. मी इतकेच म्हणालो, ''ज्यांनी कालवड विकली, त्यांनाच विचार.''

भाच्याने रात्री घरी फोन लावला. आईशी इकडचे तिकडचे बोलला, आणि मग दाजींना सगळे खरे खरे सांगितले. दाजी फारसे शिकलेले नाहीत. सबनेट आणि राउटर त्यांच्या कानांवरून गेले असतील तेवढेच. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. मग त्यांचा आवाज आला. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून आम्हीही ऐकले.

''हे बघ बाळ, मी चारीच्या शेपटाला शेती करतो. कागदावरचं पाणी लई बघितलंय. कागदावर ते समद्यांच्या रानात पोचलेलं असतंय. शेपटाला येऊन उभं राहिलं, की मग कळतंय पोचलं का नाही ते. तू नुसता कागद भरू नको, पाणी आण. आन् कालवडीचं म्हणशील, तर ती तू पास व्हावा म्हणून नाही विकली. तुला काम यावं म्हणून विकली.''

भाच्याने फोन ठेवला, फाइल काढून टाकली आणि दिवा मोठा करून पुन्हा वाचायला बसला. सौ.नी काही न बोलता चहाचे आधण ठेवले.

अशा गोष्टी सांगताना लेखकाला पुढे लगेच चांगले फळ दाखवायचा मोह होतो. मी तो आवरणार आहे, कारण परीक्षा अजून व्हायचीच आहे. पण पितृपंधरवड्यात जे घडले ते मी डोळ्यांनी पाहिले, म्हणून सांगतो.

एका पतसंस्थेत माझी लहानशी ठेव आहे. तिची मुदत संपली म्हणून सकाळी गेलो, तर तिथे ही गर्दी! सहा संगणकांपैकी दोनच चालत होते. उरलेले चालू होते, पण खातेच उघडेना. पैसे काढायला आलेली माणसे भिंतीला टेकून बसली होती. त्यांत एक बाई होत्या. सुनेला दवाखान्यात ठेवले होते, आणि त्या दर दोन मिनिटांनी उठून खिडकीशी जाऊन येत होत्या. व्यवस्थापकांनी पुण्याला फोन केला होता. पुण्याचा माणूस उद्या येणार होता. मी त्यांना विचारले, ''माझा भाचा पाहून जाईल, चालेल का?'' बुडत्याला काडीचा आधार. ते हो म्हणाले.

भाचा सायकलवर आला. मी समजत होतो, तो येऊन धडाधड कळा दाबील. त्याने तसे काही केले नाही. १९८४ साली प्रमाण ठरलेला सात थरांचा एक नमुना या अभ्यासात असतो : सर्वांत खाली तार, सर्वांत वर माणसाला दिसणारे काम. पोरगा तळापासून वर निघाला. आधी वाकून तारा पाहिल्या, स्विचवरचे हिरवे दिवे पाहिले. तार ठीक. मग एका बंद संगणकावर आज्ञा देऊन त्याचा पत्ता विचारला, तो कागदावर लिहिला. मग चालू असलेल्या संगणकाचा लिहिला. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तो हसला.

चालू संगणकांचे पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होत होते. बंद पडलेल्यांचे १९२.१६८.० ने. म्हणजे एकाच खोलीत शेजारी शेजारी बसलेली यंत्रे दोन वेगळ्या गावांत नांदत होती. त्यांना हे दुसरे गाव कोणी दिले? भाच्याने व्यवस्थापकांना विचारले, ''काल-परवा इथं नवीन काही डबी बसवली का?''

सगळ्यांनी माना हलवल्या. मग एक तरुण कर्मचारी हळूच म्हणाला, ''माझ्या टेबलाखाली आहे. घरचा जुना राउटर. मोबाइलला रेंज यावी म्हणून काल संध्याकाळी लावला.''

वाचकहो, ती चार बोलणी आठवा. संगणक दवंडी पिटतो, आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता बहुधा घेऊन बसतो. टेबलाखालची ती डबीही पत्ते वाटत होती. खऱ्या पाटकऱ्याच्या शेजारी एक तोतया पाटकरी उभा राहून पाळ्या वाटू लागला होता. आणि त्याने दाखवलेल्या दारापलीकडे पाटच नव्हता! भाच्याने डबीची तार काढली, एकेका संगणकाला पुन्हा पत्ता मागायला लावला. चहा येईपर्यंत सहाही संगणक एका गावात परत आले. त्या बाई पैसे घेऊन जाताना त्याच्याकडे पाहून इतकेच म्हणाल्या, ''तुझं भलं होवो, बाबा.''

घरी येताना मी त्याला विचारले, ''त्या फाइलीत हा प्रश्न होता का रे?''

तो म्हणाला, ''असेलही, मामा. पण टेबलाखाली वाकून बघा, हे उत्तर नसणार.''

मला वाटते, या एवढ्याशा परीक्षेचे सगळे सार या बोलण्यात आहे. पाठ केलेले उत्तर ओळखीच्याच प्रश्नाला लागू पडते. बाहेरच्या जगात प्रश्न ओळखीचा चेहरा घेऊन येत नाही. तो टेबलाखाली, धुळीत, कोणाच्या तरी भाबड्या सोयीच्या मागे दडलेला असतो. आणि त्या वेळी रांगेत बसलेल्या माणसाला प्रमाणपत्राशी कर्तव्य नसते. त्याला आपले पाणी हवे असते.

म्हणून हल्ली भाच्याचा अभ्यास वेगळ्या रीतीने चालतो. सिस्कोची नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून आहे. तिथे नाव नोंदवले की पॅकेट ट्रेसर नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. त्यात पडद्यावरच राउटर, स्विच आणि तारा मांडून खोटे जाळे उभे करता येते आणि त्यातून निरोप कसा पळतो तेही दिसते. भाचा रोज एक जाळे उभारतो, मग मला म्हणतो, ''मामा, यातलं काहीतरी मोडा.'' मी डोळे मिटून एखादा आकडा बदलतो आणि तो शोधत बसतो. मोडण्याच्या कामाला शिक्षण लागत नाही, हे माझ्या फार सोयीचे आहे.

परीक्षा घरी बसून देण्याचीही सोय आहे म्हणे. खोली रिकामी हवी, कॅमेरा चालू हवा, कोणी आत यायचे नाही, आणि परीक्षार्थीने तोंडातल्या तोंडात पुटपुटायचेही नाही. आमच्या घरात दाराची घंटा वाजली नाही असा एक तास मला आठवत नाही. आणि पोर दोन तास उपाशी बसले आहे हे पाहून मामी लाडू घेऊन आत जाणार नाही, याची हमी साक्षात ब्रह्मदेव देणार नाही. तेव्हा पुण्याचे केंद्र ठरले. दिवाळी झाली की पहाटेच्या एस.टी.ने तो जाईल. पास झाला तर आनंदच आहे; आणि एखादे वेळी गाडी चुकली तशी परीक्षा चुकली, तरी दाजींचे पाणी पोचलेले आहे, एवढे मी पाहून ठेवले आहे.

आपल्याही घरात कोणी मुलगा किंवा मुलगी अशा एखाद्या परीक्षेची तयारी करीत असेल. 'किती प्रश्न पाठ झाले?' असे त्यांना विचारू नका. 'हे मला समजेल असे सांग' म्हणा, आणि समजले नाही तर तसे स्पष्ट सांगा. जे मूल आपल्या आईला राउटर समजावू शकते, त्याला परीक्षकाची भीती फार काळ वाटत नाही. दिवाळीत फराळाचे ताट पुढे असतेच. ६४ करंज्यांपासून सुरुवात करा. पहिली आणि शेवटची सोडून उरलेल्या बासष्ट मात्र मोजून ठेवा. आमच्याकडे परवा एकसष्टच भरल्या, आणि हा बिघाड काही तारांतला नव्हता!